पुन्हा एमआरआय की ईईजी?

पक्षाघाताला तीनेक महिने झाले की घरात कोणीतरी विचारतंच, "आता एकदा परत एमआरआय काढून बघू या का?" आईच्या पक्षाघातानंतर आमच्याकडे मामाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, तशी गरज नाही, बघायचंच असेल तर ईईजी बघू, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारी तपासणी. मध्यंतरी आईच्या उजव्या हाताला झटके आले, तेव्हा एक ईईजी झाला होता, त्यामुळे ताडून बघायला जुना रिपोर्ट होता. मामाच्या समाधानासाठी आम्ही एमआरआयही केला.

पहिल्या दिवशी एमआरआयला तोड नाही. मेंदूचा कुठला भाग गेला, हे लहरी तितक्या नेमकेपणाने सांगणार नाहीत. पण तीन महिन्यांनी तो दाखवतो मुख्यतः व्रण. हात उचलता येऊ लागला तरी व्रण जागच्या जागीच. ईईजीत चालू कामकाज दिसतं. इजा झालेल्या बाजूला सेकंदाला चारपेक्षा कमी वेगाच्या डेल्टा लहरी वाढतात आणि सेकंदाला ८ ते १३ वेगाची अल्फा लहर कमी होते. सुधारणा होते तशी बऱ्याच रुग्णांत डेल्टा ओसरते, अल्फा परतते, डावी-उजवी बाजू एकमेकींच्या जवळ येतात. संशोधक त्यासाठी डेल्टा-अल्फाचं गुणोत्तर काढतात. रोजच्या ओपीडीत मात्र ते क्वचितच कोणी काढतं. ईईजी सांगतात ते बहुधा झटक्यांच्या शंकेने.

माझं मत ईईजीकडे झुकलं ते एका गोष्टीने. स्ट्रोकनंतर आईचं गिळणं कमजोर झालंय. उताणं झोपवलं की लाळ घशात उतरते आणि ठसका लागतो. ठसक्याने डोकं हललं की चित्र पुसट, म्हणजे ती फेरी पुन्हा. माइकवरून "आजी, हलू नका" चालूच. त्रास झाला तर दाबायचा फुगा तिच्या हातात दिलेला होता, पण कोणत्या? उजव्या, म्हणजे जो मिटतच नाही त्या. बाहेर आल्यावर तिने डाव्या हाताने तो फुगा काढून माझ्या हातात ठेवला. बोलली काहीच नाही. नौपाड्यातल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीतून तिला खुर्चीवर बसवून उतरवलं होतं ते यासाठी! रिपोर्टात काय, तर जुना व्रण, नवीन काही नाही.

ईईजीत ती उशाला टेकून बसली. कटकट केसांची: आदल्या दिवशी न्हाणं, तेलाला बंदी, नंतर अंबाड्यात दोन दिवस चिकट पेस्ट. आणि पेंग आली की निरोगी माणसाच्या लहरीसुद्धा संथ होतात, म्हणून टेक्निशियन तिला सारखं डोळे उघडायला-मिटायला लावत होता. रिपोर्टात डावीकडचा संथपणा आधीपेक्षा कमी होता. तोवर उजव्या हाताने वाटी सावरून धरायला तिला जमू लागलं होतं, त्यामुळे कागद पटला. वाटी आधी धरली, कागद नंतर आला, हेही खरं. फिजिओ हाताच्या हालचाली तपासून ६६ पैकी गुण देते, त्याची जागा यातलं काहीच घेत नाही.

नवीन अशक्तपणा, अचानक जड झालेली जीभ किंवा वाढती डोकेदुखी असेल तर ही चर्चा बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. तसं काही नसेल आणि फक्त "सुधारतंय का" एवढंच बघायचं असेल, तर डॉक्टरांना आधी ईईजीचं विचारा. जमलं तर आधीच्याच लॅबमध्ये आणि सकाळची वेळ घ्या. झोपेची किंवा फिटची गोळी चालू असेल तर फॉर्मवर लिहा, लहरी त्यानेही बदलतात.