फोर्टमधला लॉज, मॅरेथॉनच्या आदल्या रात्री

खरेदीला, फिरायला किंवा नवऱ्याबरोबर दोन दिवस निवांत राहायला मुंबईत येत असाल, तर या लॉजच्या वाटेला जाऊ नका. खिडकी उघडली की हात लांबवल्यावर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत आहे. गादीला मधोमध खड्डा आहे. पण जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सीएसएमटीहून फुल मॅरेथॉन पळायची असेल आणि पहाटे टॅक्सी मिळते की नाही या धसक्यात रात्र काढायची नसेल, तर इथेच राहा. पळणारे सुरुवातीआधी जमतात त्या होल्डिंग एरियापर्यंत रमतगमत चालत दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी मी जाऊन बघून आले. उद्या पळायचंय, चालून पाय कशाला दमवायचे, असं वैनी म्हणत होत्या, पण वाट डोळ्यांखालून घातल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

हा रिव्ह्यू मी शनिवारी रात्रीच लिहितेय. साडेनऊला दिवा घालवला होता, आता पावणेअकरा झालेत.

काउंटरवरचे काका या शनिवार-रविवारला सरावलेत. आधारकार्ड मागायच्या आधी विचारतात, ‘फुल का हाफ?’ आमच्या पुढे कोल्हापूरकडची दोन पोरं होती. ती ‘हाफ’ म्हणाल्यावर काकांनी कपाळाला हात लावला. हाफ माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते, इथून नव्हे. पोरांनी फक्त शेवट कुठे आहे तेवढंच वाचलं होतं. काकांनी त्यांना खोली तर दिलीच, वर पहाटे साडेतीनला ओळखीचा टॅक्सीवालाही ठरवून दिला. धंद्यापुरतं बोलणारा माणूस एवढं करत नाही.

भाडं या आठवड्यात वाढवतात. एरवीच्या जवळपास दीडपट. मला राग आला होता, पण सामानाच्या बाबतीत यांनी आमची सोय बघितली. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलो तेव्हा खोली रिकामी नव्हती, तरी बॅगा काउंटरमागे ठेवून घेतल्या आणि तोंड धुवायला बाथरूम उघडून दिली. बाहेरगावच्यांनी एक ध्यानात ठेवा, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, रविवारी सकाळी मिळत नाही. आधीच बीकेसीला मॅरेथॉनच्या एक्स्पोत ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. बॅगा ओढत तिथे फिरायचं म्हणजे शिक्षा आहे, आणि शूज, पळताना खायचं एनर्जी जेल, मोजे यांच्या स्टॉलांवर पैसे उडतात ते वेगळेच. मी फक्त सेफ्टी पिना घेतल्या. वैनींनी टोपी, गॉगल आणि गुडघ्याचा पट्टा घेतला. त्या ड्रीम रनवाल्या, म्हणजे सहा किलोमीटरच्या आसपास, तेही चांगलं उजाडल्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, संडास. खोली घेताना पैसे वाचवायला कॉमन बाथरूमवाली घेऊ नका. इतर दिवशी चालून जातं, पण उद्या पहाटे तीन ते चार या वेळात मजल्यावरच्या प्रत्येक माणसाला एकाच कामासाठी एकाच ठिकाणी जायचंय. आमच्या खोलीला आतून आहे. कडी नीट लागते, बायकांसाठी हे मुद्दाम सांगते. पाण्याला जोर कमी आहे.

जेवण लॉजमध्ये मिळत नाही. सीएसएमटीच्या परिसरात खाण्याची ददात नाही. पंचम पुरीवाल्याकडे वैनींनी पुरीभाजी चापली, मी समोर बसून बघत राहिले. आदल्या रात्री तळलेलं, मसालेदार, अनोळखी काही पोटात घालायचं नाही हा आमच्या साताऱ्याच्या ग्रुपचा नियम आहे. कामाला असलेल्या पोऱ्याने कोपऱ्यावरच्या उडप्याकडून साधा भात आणि दही आणून दिलं, बरोबर घरच्या दशम्या होत्या. सीएसएमटीसमोरच्या आराममधला वडापाव उद्यासाठी राखून ठेवलाय.

आवाजाचं म्हणाल तर स्टेशनची घोषणा इथवर येत नाही, शेजारच्या खोलीतली येते. कोणीतरी मोबाइलचा गजर लावून बघतोय. एकदा झाला, दोनदा झाला, आता तिसऱ्यांदा वेगळ्या ट्यूनवर. मी ओरडणार होते, पण माझाही गजर दोन फोनवर लावलाय आणि काकांनाही दार वाजवायला सांगितलंय, तेव्हा गप्प बसले. वैनी घोरतायत. त्यांच्या पोटात पुऱ्या आहेत आणि डोक्यात काही नाही.

माझ्या डोक्यात पेडर रोड आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला सराव करणाऱ्यांना तो चढ म्हणजे चेष्टा वाटते. पण परतीच्या वाटेवर तो येतो तेव्हा पस्तीस किलोमीटर पायांत असतात आणि ऊन चढलेलं असतं, असं ग्रुपमधले जुने लोक सांगतात. त्यातून मुंबईची हवा. साताऱ्यात या दिवसांत पहाटे स्वेटर घालून बाहेर पडतो, इथे खिडकी उघडी ठेवून पंखा पाचवर ठेवलाय तरी मान चिकट झालीय. पंखा चांगला आहे, हे लिहायचं राहिलं होतं.

आणि सी लिंक. एरवी त्या पुलावर पायी जायला बंदी आहे. टॅक्सीतून एकदा गेले होते, तेव्हा ड्रायव्हरला जरा थांबवा म्हटलं तर तो हसला होता. उद्या मी तिथून माझ्या पायांनी जाणार, तेही समुद्राकडे बघत. ४२.१९५पैकी त्या तुकड्यासाठीच मी फुलला नाव घातलं, हे घरी कोणाला सांगितलेलं नाही. घरी सगळ्यांना वाटतंय वेळ सुधारायचीय.

खुर्चीवर टी-शर्ट टाकलाय, चार पिनांनी बिब लावलाय, तो दोनदा काढून सरळ केला. वेळ मोजणारी चिप बिबच्या मागेच असते, म्हणून घडी घातलेली नाही. व्हॅसलिन, जेल, केळी टेबलावर. टेबल डुगडुगतं, पायाखाली पुठ्ठा घाला म्हणून सांगितलं होतं, अजून घातलेला नाही.

तारे चार देतेय. एक कापला तो गादीसाठी किंवा भिंतीसाठी नाही, तसंही आज कोण झोपणार आहे. लॉज दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना जुना, लाकडी आणि उभा, आणि लिफ्ट नाही. चेकआउट बाराचं असतं, उद्यापुरतं काकांनी दोनपर्यंत चालवून घेतो म्हटलंय. पण बेचाळीस किलोमीटर पळून आल्यावर वर यायचं आणि बॅग घेऊन परत खाली उतरायचं, त्याचं काय करायचं ते विचारल्यावर म्हणाले, ‘ताई, गेल्या वर्षी एक जण बसून बसून उतरला होता.’