लँडलाइन हलवताना गेलेले १,७७० रुपये आणि दोन अनोळखी सिमकार्डे

गेल्या जूनमध्ये आम्ही परभणीच्या नानलपेठेतील भाड्याचे घर सोडून वसमत रस्त्याकडील स्वतःच्या घरात राहायला आलो. सामान दोन खेपांत आले, शेगडी त्याच संध्याकाळी पेटली. मागे राहिला तो फक्त दूरध्वनी. घरात तीन मोबाइल असताना लँडलाइनचा हट्ट कशाला, असे पुष्कळांनी विचारले. माझी आई ८१ वर्षांची आहे, मोबाइलच्या काचेवर नेमके कोठे बोट टेकवायचे हे तिला कधी जमले नाही, आणि गंगाखेड व सेलूला असलेल्या तिच्या बहिणींना ०२४५२ नंतरचे आमचे सहा आकडे तोंडपाठ आहेत. तोच क्रमांक नव्या घरी आणणे आम्हाला भाग होते.

मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय लँडलाइनला नाही. त्यामुळे जुन्याच कंपनीकडे जागाबदलीचा अर्ज करणे हा एकच मार्ग होता. मी कार्यालयात गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी चालू होती. अर्धा तास थांबण्याऐवजी मी घरी निघालो आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक स्टिकर दिसले. त्यावर कंपनीचे चिन्ह, ‘लँडलाइन शिफ्टिंग एका दिवसात’ ही ओळ आणि एक मोबाइल क्रमांक होता. मी तेथेच उभा राहून फोन लावला. येथपर्यंतची चूक सर्वस्वी माझी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जो तरुण आला, त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, पाठीवरच्या पिशवीत वायरचे वेटोळे होते आणि बोलणे अतिशय अदबीचे होते. त्याने जुने बिल पाहिले, गच्चीवर जाऊन खांब कोणत्या बाजूला आहे ते पाहिले, वायर कोठून आत घ्यायची हे आईला विचारून ठरवले. “काका, काळजी करू नका, उद्या दुपारपर्यंत डायल टोन येऊन जाईल,” असे तो म्हणाला. शिफ्टिंगची अनामत १,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७० रुपये, असे एकूण १,७७० रुपये त्याने सांगितले. खरे तर या २७० रुपयांनीच माझा विश्वास बसला. फसवणारा माणूस कराचा हिशेब कशाला करील, असे मला वाटले. त्याने दाखवलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कंपनीचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव आले. मी विचारले, तेव्हा ते ठेकेदाराचे खाते असल्याचे उत्तर तयार होते. त्याने छापील पावतीही दिली.

त्यानंतर त्याने केवायसीसाठी आधार कार्डाची प्रत घेतली आणि मोबाइलला जोडलेल्या छोट्या यंत्रावर माझा अंगठा ठेवायला सांगितला. पहिल्यांदा ‘आले नाही’, म्हणून बोट रुमालाने पुसून पुन्हा ठेवायला लावला. उकाडा होता, बोटे घामेजलेली होती, त्यामुळे यात मला काहीच वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डायल टोन आला नाही, तिसऱ्या दिवशी त्याचा मोबाइल बंद लागला. चौथ्या दिवशी मी पावती घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीवरील बाईंनी पावतीकडे एकदाच पाहिले आणि असा कोणताही माणूस आपण पाठवला नसल्याचे सांगितले. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी तेव्हा पहिल्यांदा मोजून पाहिला. असा क्रमांक पंधरा अक्षरांचा व अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते. यावर तेराच अक्षरे होती. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे आणि आयुष्यभर दुसऱ्यांची बिले तपासत आलो आहे, हे येथे नमूद केलेले बरे.

मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु चार दिवस उलटून गेले होते आणि त्या खात्यात काही शिल्लक राहिलेले नव्हते. तेवढ्यावर हा विषय संपला असता. पण शेजारच्या मुलीने अंगठ्याची गोष्ट ऐकली आणि केंद्राच्या दूरसंचार विभागाचे ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ उघडून दिले. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, ते तेथे दिसते. माझ्या नावावर चार होते, त्यांतील दोन मला ठाऊकही नव्हते. एका व्यक्तीच्या नावावर नऊपर्यंत सिमकार्डे असू शकतात, त्यामुळे दोन वाढल्याने कोणाच्या डोळ्यांवर येण्याचे कारण नव्हते. आधारच्या संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांत आपल्या आधारचा वापर कधी व कशासाठी झाला याची नोंद पाहता येते. तीत त्याच सकाळी काही मिनिटांच्या अंतराने बोटांच्या ठशाने झालेली दोन प्रमाणीकरणे होती. म्हणजे पहिल्यांदाही ‘आलेच’ होते.

पैशापेक्षा मला याची धास्ती अधिक वाटली, कारण त्या क्रमांकांवरून उद्या आणखी कोणाला फसवले गेले तर नाव माझे निघणार. दोन्ही क्रमांकांपुढे ‘हा माझा क्रमांक नाही’ हा पर्याय निवडून तक्रार केली, तिचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवला आणि तो पोलिसांच्या सायबर कक्षात दिलेल्या अर्जाला जोडला. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार फसवणुकीने सिमकार्ड मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, ही माहिती मला त्याच कक्षात मिळाली. माझे आणि आईचे बायोमेट्रिक्स त्याच संध्याकाळी आधारच्या संकेतस्थळावर लॉक केले. अंगठ्यावर बँकेतून पैसेही निघतात आणि आईचे निवृत्तिवेतन बँकेतच जमा होते. खरोखर गरज पडेल तेव्हा ते तात्पुरते उघडता येतात, त्यामुळे अडत काहीच नाही.

महिनाभरात ते दोन्ही क्रमांक माझ्या नावावरून गेले. पैसे परत आले नाहीत.

खऱ्या कार्यालयात माझ्याकडून साधा अर्ज, जुन्या बिलाची प्रत आणि नव्या पत्त्याचा पुरावा एवढेच घेतले. अंगठा कोणी मागितला नाही, रोख कोणी मागितली नाही. जो आकार होता तो पुढच्या बिलात लागून आला. नवव्या दिवशी लाइनमन येऊन वायर ओढून गेला आणि जुनाच क्रमांक चालू झाला. पहिला फोन सेलूच्या मावशीचा होता, आणि इतके दिवस कोठे होता म्हणून आईला बोलणी खावी लागली.

खांबावरचे ते स्टिकर मी सुरीने खरवडून काढले होते. आठवड्याने तेथेच तसेच दुसरे लागले, त्यावरचा क्रमांक मात्र वेगळा होता.