गोव्यातल्या सार्वजनिक वाय-फायवर लॅपटॉप: लॉगिनचं पान विंडोज, मॅक आणि लिनक्स किती नीट उघडतात?

मोपा असो वा दाबोळी, मडगाव स्थानक असो, पणजीच्या १८ जून रस्त्यावरचं कॅफे असो नाहीतर कळंगुटचं गेस्टहाऊस, तक्रार एकच ऐकू येते. फोनवर लॉगिनचं पान झटकन येतं, ओटीपी घातला की काम झालं. लॅपटॉपवर मात्र वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात, 'कनेक्टेड' असंही दिसतं, पण पान काही येत नाही. लोक वाय-फायच्या नावानं बोटं मोडतात आणि फोनचा हॉटस्पॉट लावतात. बहुतेक वेळा वाय-फाय ठीक असतं. अडथळा लॅपटॉपच्या आतच असतो, आणि तो पाच मिनिटांत सापडतो.

लॉगिन होईपर्यंत राउटर तुमची विनंती वाटेत अडवतो आणि स्वतःच्या पानाकडे वळवतो. हे वळवणं फक्त साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपी पत्त्यावर जमतं. जीमेल, बँक, गूगल सगळे एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद पत्त्यावर चालतात. तिथे राउटर मध्ये घुसला की ब्राउझरला प्रमाणपत्र जुळत नाही आणि तो पान उघडायला नकार देतो. हा नकार योग्यच आहे. 'तरीही पुढे जा'चा मार्ग शोधू नका. ब्राउझरला एक साधा एचटीटीपी पत्ता द्या, म्हणजे राउटरला पान दाखवायला जागा मिळते. नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे संकेतस्थळ याच कामासाठी आहे. इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा आणि आधी एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा स्वतः लिहा. नाहीतर ब्राउझर आपणहून एचटीटीपीएस लावून बघतो.

हेच काम प्रत्येक प्रणाली पडद्यामागे आपापल्या परीनं करते, आणि फरक इथेच पडतो.

विंडोज ११ वाय-फायला जोडला की मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून छोटी मजकूर-फाइल मागवतो. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच शब्द असायला हवेत. दुसरंच काही आलं तर पुढे लॉगिन आहे हे ओळखून तो नेहमीचा ब्राउझर उघडतो. पद्धत चांगली आहे, कारण पान पूर्ण ब्राउझरमध्ये येतं आणि कुकीज, नवी खिडकी सगळं चालतं. पण कंपनीच्या लॅपटॉपवर ही तपासणी कधीकधी धोरणानं बंद केलेली असते. मग विंडोज गप्प बसतो आणि पत्ता हातानंच टाकावा लागतो.

मॅक एक छोटी वेगळी खिडकी उघडतो. सगळ्यांत तत्पर हाच, पण ही खिडकी तोकडी आहे. तिच्या कुकीज सफारीपासून वेगळ्या असतात आणि ओटीपीनंतर पानाला नवी खिडकी उघडायची असेल तर गाडी तिथेच अडते. अशा वेळी ती बंद करा आणि सफारीत कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम उघडा. 'सक्सेस' एवढाच शब्द दिसला तर लॉगिन झालेलं आहे.

लिनक्समध्ये उबुंटू आणि फेडोरा हे आपणहून ओळखतात. डेबियनवर नेटवर्कमॅनेजरचं जोडणी-तपासणीचं पॅकेज वेगळं घालावं लागतं. ब्राउझरांमध्ये फायरफॉक्स उजवा ठरतो. प्रणाली गप्प असली तरी तो स्वतः तपासतो आणि वरच्या पट्टीत लॉगिनचं बटण देतो.

आता खरी अडचण. पान न येण्याचं सगळ्यांत मोठं कारण हातानं बसवलेला डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. घरचं इंटरनेट मंद वाटलं म्हणून कुणीतरी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून ठेवलेलं असतं आणि नंतर विसरून गेलेलं असतं. लॉगिनआधी बाहेरचे डीएनएस बऱ्याच राउटरांवर बंद असतात. शिवाय लॉगिनच्या पानाचं नाव अनेकदा फक्त त्या राउटरच्याच डीएनएसला ठाऊक असतं. त्यामुळे नावाचा पत्ता लागत नाही आणि चाक फिरत राहतं. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून वाय-फायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये जा आणि डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर आणा. मॅकवर त्या नेटवर्कच्या तपशिलात हातानं घातलेले आकडे काढा.

एवढ्यानंही काम झालं नाही तर ब्राउझर बघा. क्रोममध्ये 'सिक्युअर डीएनएस' ठरावीक कंपनीवर बांधलेला असेल तर तो माघार घेऊन राउटरच्या डीएनएसकडे वळत नाही. 'सध्याच्या सेवादाराचा' हा पर्याय निवडला तर घेतो. फायरफॉक्समध्ये हेच 'मॅक्स प्रोटेक्शन'मुळे होतं. लिनक्सवर नावांचे पत्ते शोधणाऱ्या सिस्टमडी-रिझॉल्व्हडमध्ये डीएनएस-ओव्हर-टीएलएस (कुलूपबंद डीएनएस) सक्तीचं केलेलं असेल तर तेही तात्पुरतं काढा. लॉगिन झालं की सगळं पूर्ववत करता येतं.

दुसरं कारण व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं इंटरनेट एका कुलूपबंद बोगद्यातून नेणारी सेवा. त्याचा 'किल स्विच' चालू असेल तर बोगदा तयार होईपर्यंत एकही विनंती बाहेर पडत नाही, आणि लॉगिनशिवाय बोगदा होत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. आधी व्हीपीएन पूर्ण बंद करा, लॉगिन करा, मग लगेच चालू करा.

गोव्यात राहून दूरच्या कंपनीचं काम करणाऱ्या प्रोग्रामरांसाठी आणखी एक कारण, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत चालवणारं साधन) स्वतःसाठी १७२.१७ पासूनचे पत्ते अडवून ठेवतो आणि त्याच्या कंपोज या साधनानं बनवलेली नेटवर्कं १७२.१८ पासून पुढे जातात. वाय-फायचा राउटरही त्याच गटात असेल तर लॅपटॉप त्याला स्वतःच्याच आत शोधत राहतो. वापरात नसलेली डॉकर नेटवर्कं काढून टाका आणि मूळ गट कायमचा दुसरीकडे हलवा.

यातलं काहीच नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं तुम्हाला पत्ताच दिलेला नाही आणि ब्राउझरशी झगडून उपयोग नाही. वाय-फाय 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. पावसाळ्यात वीज जाऊन आली की लहान गेस्टहाऊसांत हे होतं. राउटर अजून उठत असतो, दोन-तीन मिनिटं थांबा. पत्ता बरोबर असेल तर 'डिफॉल्ट गेटवे'चा आकडा एचटीटीपीसह ब्राउझरमध्ये टाका. मॅकवर ऑप्शन दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की हाच आकडा 'राउटर' म्हणून दिसतो. कित्येकदा लॉगिनचं पान तिथेच असतं. मिक्रोटिक कंपनीच्या राउटरच्या हॉटस्पॉटवर मूळ पत्ता १०.५.५०.१ असतो. विंडोजचं 'नेटवर्क रिसेट' मात्र करू नका. त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं, आणि ब्राउझरमधली कारणं तिथेच राहतात.

पान आलं, पण रोज नव्यानं ओटीपी मागतंय? राउटर तुम्हाला मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे वाय-फायच्या हार्डवेअर क्रमांकावरून ओळखतो (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) आणि लॅपटॉप तो बदलत असतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कसाठी 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' बंद करा. मॅकवर, सेकोयापासून पुढे, 'रोटेटिंग'ऐवजी 'फिक्स्ड' निवडा.

ओटीपीची अडचण गोव्यात जास्तच बोचते. परदेशी पाहुणे आणि युके-पोर्तुगालहून सुटीवर आलेले गोंयकार, दोघांकडेही बाहेरचा नंबर असतो, आणि पानावर जागा दहा आकड्यांचीच. इथे लॅपटॉपवर काही करण्यासारखं नाही. स्वागतकक्षात कूपन मागा. हॉटेलात खोली क्रमांक आणि आडनाव विचारत असतील तर आडनाव नोंदवहीत जसं टाइप केलंय तसंच हवं. डिसोझा, डिसिल्वा, डिकॉस्ता यांनी इंग्रजीतलं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह घालून आणि न घालून, दोन्ही करून बघावं. आणि वाय-फायचं पान नंबर व ओटीपीपलीकडे यूपीआय पिन किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड मागू लागलं तर लॅपटॉप तिथल्या तिथे तोडा.

गेस्टहाऊस किंवा कॅफे चालवणाऱ्यांसाठी: यावर नेमका उपाय सप्टेंबर २०२० पासून मानक म्हणून उपलब्ध आहे. डीएचसीपीचा, म्हणजे जोडणाऱ्या उपकरणाला पत्ता वाटणाऱ्या पद्धतीचा, ११४ क्रमांकाचा पर्याय. त्यातून राउटर जोडतानाच 'इथे लॉगिन आहे आणि ते इथे विचारा' असं उपकरणाला सांगतो, वाटेत अडवणूक करावी लागत नाही. मॅक बिग सरपासून आणि अँड्रॉइड ११ पासून हे समजतात. त्यासाठी वैध प्रमाणपत्र असलेला एचटीटीपीएस पत्ता लागतो. वाय-फाय बसवून देणाऱ्याला एवढं स्पष्ट विचारा. आणि तो नाही म्हणाला तर निदान काउंटरवरच्या पासवर्डच्या कागदावर लॉगिनच्या पानाचा पूर्ण पत्ता छापून ठेवा.