कळसूबाई की मदनगड? मुंबईहून एका दिवसात जायचं असेल तर

उंच काहीतरी हवं, थोडं क्लाइंबिंगही हवं आणि सोमवारी ऑफिसही गाठायचं, असं म्हटलं की ट्रेकर मित्र हमखास दोन नावं सुचवतात: कळसूबाई शिखर आणि मदन किल्ला. दोन्हीकडे कसाऱ्याहूनच जाता येतं, एकावरून दुसरं दिसतं, म्हणून ती एकाच तोलाची वाटतात. पण दोन्हींची तयारी सर्वस्वी वेगळी आहे.

उंचीचा प्रश्न आधी मिटवू. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. मदन पंधराशेच्या आत. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे इथे दम लागतो तो निव्वळ चढामुळे. हिमालयाचा सराव म्हणून कळसूबाईला जाणाऱ्यांचे पाय तयार होतील. विरळ हवेची सवय मात्र हिमालयातच थांबत-थांबत करावी लागते.

कळसूबाईला बारी गावातून निघायचं. मळलेली वाट, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं मंदिर. चढाई साधारण साडेआठशे ते नऊशे मीटर, म्हणजे जवळपास तीनशे मजले. वीस मजली इमारत पंधरा वेळा चढल्यासारखं. तेव्हा सराव सोसायटीच्या जिन्यातच करा, पाठीवर भरलेली सॅक घेऊन, आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. गुडघे बोलायला लागतात ते उतरतानाच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांगा लागतात. जमल्यास आडवारी जा.

मदनची गोष्ट वेगळी. पायथ्याच्या आंबेवाडीतून मदन आणि शेजारचा अलंग किल्ला यांच्यामधल्या खिंडीपर्यंत खडा चढ, पुढे कड्याला चिकटून जाणारी अरुंद वाट आणि कातळात कोरलेल्या पायऱ्या. एका बाजूला सरळ दरी. ज्यांना दृष्टिभय आहे, म्हणजे खोल दरी बघून डोळे फिरतात, त्यांची परीक्षा पुढच्या कातळाच्या आधी इथेच होते. मग साधारण पन्नास फुटांचा उभा कातळ, ट्रेकर्सच्या भाषेत पॅच. इथल्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंगांनी उडवल्या असं सांगतात. आता वर जायचं ते दोर लावून आणि खाली यायचं ते रॅपलिंग करून, म्हणजे दोरावर भार टाकून सरकत.

पन्नास फूट ऐकायला कमी वाटतात आणि चढाई म्हणून ती फार अवघड नाहीही. खरा प्रश्न वेळेचा आहे. एका माणसाला चढायला पाच मिनिटं आणि उतरायला पाच मिनिटं धरली, तरी वीस जणांच्या ग्रुपचे एका दोरावर तीन तासांहून जास्त जातात. तेवढा वेळ बाकीचे अरुंद जागेवर उन्हात उभे. हिवाळ्यात सहालाच अंधारतं आणि तीच अरुंद वाट टॉर्चच्या उजेडात उतरावी लागते. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना हे विचारा: एकूण माणसं किती? बिले देणारे, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून-वरून सांभाळणारे, अनुभवी किती? हेल्मेट प्रत्येकाला आहे का? पहिला चढणारा डायनॅमिक रोपवर चढतो का? (पडल्यावर हा दोर ताणला जाऊन झटका शोषतो, रॅपलिंगचा स्टॅटिक रोप ते काम करत नाही.) किती वाजता माघारी वळायचं ठरलंय? उत्तरं गोलमाल आली तर जाऊ नका. दहा-बारा जणांहून मोठ्या ग्रुपबरोबर मी कोणालाच मदनला पाठवणार नाही.

आणि दोराला पहिल्यांदा लटकण्याची जागा मदनचा कडा नव्हे. आधी मुंबई-नवी मुंबईतल्या एखाद्या क्लाइंबिंग वॉलवर जा, किंवा गिरिविहारसारख्या जुन्या संस्थेचा प्राथमिक कोर्स करा. हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, स्वतः बांधता आला पाहिजे, मागे रेलून दोरावर पूर्ण भार टाकता आला पाहिजे. हे अंगवळणी पडलं की पॅचवर हातपाय थरथरत नाहीत आणि मागच्यांचाही वेळ वाचतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने कळसूबाई करावी. तिथून उतरल्यावर पाय ठणकत नसतील तर मध्ये हरिहर किल्ला करा. त्याच्या उभ्या कातळकोरीव पायऱ्यांवर दोर लागत नाही, पण खाली बघून डोळे फिरतात का ते कळतं. फिरले नाहीत तर मदन. जो आधीच नियमित डोंगर चढतो आणि रॅपलिंग करून बसलाय, त्याने कळसूबाईत दिवस घालवण्यापेक्षा थेट मदन गाठावा.

मोसमही वेगळे. कळसूबाई उन्हाळ्याची भर दुपार सोडली तर केव्हाही. मदन पाऊस पूर्ण ओसरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंतच. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर बूट टिकत नाही. पाणी कळसूबाईला तीन लिटर, मदनला चार. वरच्या पाण्याच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. सॅकमध्ये इलेक्ट्रॉल, दशम्या आणि चिक्की. मदनला जाताना अत्तर-परफ्यूम घरी ठेवा आणि कड्याजवळ सिगारेट किंवा चूल पेटवू नका, कारण सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. आंबेवाडीतला वाटाड्या घ्याच. खिंडीकडे जाताना रानातल्या ढोरवाटा सहज चकवतात. परतीची जीपही सकाळीच ठरवून ठेवा, संध्याकाळी कसाऱ्याला जायला तिथे दुसरं काही मिळेलच असं नाही.