मराठी मजकुरासाठी ब्राउझरमधला मार्कडाउन एडिटर: स्टॅकएडिट की हेजडॉक?

मुंबईत दिवाळी अंक, वाचनालयाचे वार्तापत्र किंवा गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल तयार करणाऱ्या लहान मंडळांमध्ये मजकूर अजूनही वर्डच्या फायलींच्या रूपाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर अंतिम प्रत कोणती हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. अशा मंडळाने एका बाजूला साधा मजकूर आणि शेजारी त्याचे मांडलेले रूप लिहिता लिहिता दाखवणारा मुक्तस्रोत एडिटर घ्यायचे ठरवले, तर स्टॅकएडिट आणि हेजडॉक या दोहोंचा विचार आधी करावा. दोन्हींत २००४ साली जॉन ग्रुबर यांनी मांडलेली मार्कडाउन पद्धतच, म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हे टाकून मथळे, याद्या, ठळक शब्द दर्शवण्याची पद्धत, वापरली जाते, त्यामुळे एकीकडे शिकलेले दुसरीकडे वाया जात नाही. खरा फरक मजकूर कोठे साठवला जातो यात आहे, आणि निवड त्यावरूनच करावी.

स्टॅकएडिट मजकूर तुमच्या ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतो. पान एकदा उघडले की इंटरनेट नसतानाही लिहिता येते, त्यामुळे विरार किंवा कसारा लोकलमध्ये मध्येच नेटवर्क गेले तरी काम थांबत नाही. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा गिटहब अशा ऑनलाइन साठ्याशी जोडल्यास तो बदल तिकडेही जुळवून ठेवतो. मात्र ही जोडणी केली नसेल आणि कोणी ब्राउझरची माहिती पुसली, तर लेखही पुसला जातो. कार्यालयातील किंवा ग्रंथालयातील सामायिक संगणकावर हा धोका फार मोठा आहे. तेथे ड्राइव्हची जोडणी केल्याशिवाय एक परिच्छेदही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेजडॉक वेगळ्या विचाराने बांधलेला आहे. हॅकएमडी, मग कोडीएमडी असा प्रवास करून २०२० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचा असतो, आणि मजकूर त्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये राहतो. डोंबिवलीचा लेखक, बोरिवलीची मुद्रितशोधक आणि दादरचे संपादक एकाच टिपणावर एकाच वेळी काम करू शकतात, प्रत्येकाचा कर्सर इतरांना दिसतो, आणि जुन्या आवृत्त्या मागे जाऊन पाहता येतात. प्रत्येक टिपणाला परवानगीचे सहा स्तर देता येतात: पाहुण्यांसकट कोणीही बदल करू शकेल इथपासून फक्त मालकालाच दिसेल इथपर्यंत. संपादन संपल्यावर वाचन सर्वांना खुले ठेवून बदल मालकापुरते मर्यादित करणारा स्तर अंकाच्या कामाला फार उपयोगी पडतो. याची किंमत म्हणजे सर्व्हरचे भाडे, अद्ययावत ठेवण्याचे काम आणि नियमित बॅकअप. ही जबाबदारी घेणारी एक तरी व्यक्ती मंडळात नसेल, तर हेजडॉकच्या वाटेला जाऊ नये. एकट्याने लिहिणाऱ्याला त्याची गरजही नाही.

मराठीच्या दृष्टीने काही गोष्टी दोन्हींना सारख्याच लागू होतात, आणि नव्या माणसाचा उत्साह बहुतेक तेथेच मावळतो. क्रमवार यादी तयार व्हायला ओळीच्या आरंभी इंग्रजी अंक लागतात, ‘१.’ असे देवनागरीत लिहिले तर ती साधी ओळच राहते. शब्द ठळक किंवा तिरपा करताना त्याच्या दोन्ही बाजूंना तारांकनेच (*) वापरावीत, कारण अधोरेषांनी (_) वेढलेल्या ‘मुंबई’ला लगेच ‘त’ प्रत्यय जोडला की ती खूण ओळखली जात नाही. तारांकनांच्या आत अवतरणचिन्हे आणि बाहेर प्रत्यय अशी रचना केली तरी मांडणी बिघडते. तेव्हा अवतरणचिन्हे तारांकनांच्या बाहेर ठेवावीत. परिच्छेदाची पहिली ओळ चार जागा सोडून आत घेण्याची जुनी सवयही सोडावी लागते, कारण तसा परिच्छेद प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे शेजारच्या मांडलेल्या रूपात, संगणकीय कोड म्हणून उमटतो. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे हे नियम मंडळातील प्रत्येक लेखकाला पहिल्याच दिवशी लेखी द्यावेत.

लिहिण्याच्या बाजूला स्टॅकएडिट मथळे मोठे आणि ठळक शब्द ठळकच दाखवतो, तर हेजडॉकची ती बाजू कोड लिहिण्याच्या साधनासारखी दिसते. ज्येष्ठ लेखकांना पहिले रूप लवकर सरावाचे होईल. फोनवर दोन बाजू शेजारी मावत नाहीत, त्यामुळे लेखन आणि प्रिव्ह्यू आळीपाळीनेच पाहावे लागतात.

अशाच एडिटरांपैकी डिलिंजर हे तिसरे नाव कानावर येईल. त्याच्या मूळ बांधणीतील एस (Ace) नावाचे लेखन-इंजिन सर्व अक्षरे समान रुंदीची धरून कर्सरची जागा ठरवते, आणि जोडाक्षरांत ती जागा चुकते. तुमच्यासमोर उघडलेल्या आवृत्तीत ‘राष्ट्रीयत्व’ लिहून कर्सर मधोमध नेऊन पाहावा. तो घसरला तर पुढे जाऊ नये.

छपाईचा विचार मात्र आधीच करावा लागतो. स्टॅकएडिटमध्ये थेट पीडीएफ काढण्याची सोय प्रायोजकांपुरती आहे, पण मार्कडाउनची फाइल दोन्हींतून मोफत उतरवता येते, आणि पॅनडॉक या मुक्तस्रोत साधनाने तिची वर्ड फाइल होते. हा सारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सर्वमान्य संगणकीय संकेतांत, असतो. तुमचा डीटीपी करणारा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर पाने लावत असेल, तर रूपांतर कोण करणार आणि त्यानंतरचे मुद्रितशोधन कोण करणार हे एडिटर निवडण्यापूर्वीच त्याच्याशी बोलून ठरवावे.