चालत्या गाडीचा करंट जातो: टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर की सरळ पार्ट बदलायचे?

खडकाळ चढावर जुनी फोर-बाय-फोर पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतेय. पुढचं चाक एका दगडावरून धप्पकन उतरतं आणि डॅशबोर्डवरचे सगळे काटे एकदम झोपतात. इंजिन बंद. किल्ली फिरवली तर साधी टकटकसुद्धा नाही. बोनेट उघडायचं, इकडेतिकडे हात लावायचा, दोन शिव्या हासडून परत बसायचं, तर सेल्फ पहिल्याच झटक्याला लागतो. गॅरेजात नेली की गाडी शहाण्या मुलासारखी वागते आणि मेकॅनिक आपल्याकडेच संशयाने बघतो.

या दुखण्यावर तीन रस्ते सांगितले जातात. संशयित पार्ट बदलत जाणं, मल्टीमीटर घेऊन मोजत बसणं किंवा साधे टेस्ट लॅम्प लावून गाडी चालवणं. चौथा, म्हणजे अख्खं वायरिंगच नवं टाकणं, तो शेवटी बघू. माझं मत आधीच सांगतो. अधूनमधून होणारा बिघाड हा तो होत असतानाच पकडावा लागतो. म्हणून कितीही महागडा मीटर असो, माझी पहिली पसंती साध्या बल्बला.

आधी हे आठवा: नेमकं काय काय गेलं?

हत्याराला हात लावण्यापूर्वी हे लिहून काढा, निम्मं काम इथेच होतं. इंजिन मेलं पण हेडलाइट आणि हॉर्न चालू राहिले, तर बॅटरीकडे बघायचं कारण नाही; इग्निशन स्विच, म्हणजे किल्लीचा स्विच, आणि त्याच्या आगेमागे शोधा. सगळंच गेलं, तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची केबल (बॅटरीच्या निगेटिव्हपासून गाडीच्या धातूला जाणारी), बॅटरीजवळची फ्यूज-वायर (जास्त करंट गेला की वितळणारा वायरीचा तुकडा) किंवा इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये शिरणारा मोठा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. जुन्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा असतो आणि सेल्फचा सोडून गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्याच्या मागच्या दोन नटांमधून जातो. ते नट सैल झाले की आधी गरम होतात, मग काळे पडतात.

डिझेलवाल्यांसाठी एक खूण. ज्या डिझेल पंपाला इंजिन बंद करायला ओढायची तार असते, ते इंजिन करंट गेल्यावरही चालूच राहतं. पंपावर बंद करणारा सोलेनॉइड (करंटवर चालणारा खटका) असेल तर करंट गेला की इंजिनही गेलं.

तालही बघा. हेडलाइट ठरावीक अंतराने जातात-येतात, जातात-येतात, असं असेल तर आपोआप जुळणारा सर्किट ब्रेकर तापून तुटतोय. कुठेतरी जास्त करंट ओढला जातोय किंवा ब्रेकरच थकलाय. धक्क्याबरोबर जात असेल तर लूज कनेक्शन. अर्धा तास चालल्यावर जात असेल आणि थंड झाल्यावर येत असेल तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा इग्निशन मॉड्यूल (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा).

पार्ट बदलत जाणं

हा रस्ता मोहाचा आहे, कारण काहीतरी केल्याचं समाधान लगेच मिळतं. आणि तो सरसकट वाईटही नाही. शेजारचा तसाच रिले काढून इथे लावून बघायला फुकटात दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या गाडीची चांगली बॅटरी दिवसभर लावून बघणंही तसंच. इथपर्यंत ठीक.

त्यापुढे मात्र फसगत आहे. आपण इग्निशन स्विच बदलतो तेव्हा त्याच्या मागचा कपलर काढून परत दाबून बसवतो, शेजारच्या वायरी हलतात, गंजलेल्या पिना एकमेकींवर घासून चकाकतात. बिघाड गायब! आपण नव्या स्विचला श्रेय देतो. दोन-तीन आठवड्यांनी तोच दगड, तोच धप्प आवाज, तीच शांतता. मी असा स्विच, मग कॉइल, मग बॅटरी बदलली. दोष निघाला अर्थिंगच्या केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या, म्हणजे लगच्या आत. वरून रबरी टोपी इतकी नीटनेटकी बसली होती की कुणाचा हात तिकडे गेलाच नाही. टोपी मागे सरकवली तर तांब्याच्या जागी हिरवी पूड, आणि ओढल्यावर केबल लगमधून दातासारखी हलली.

मल्टीमीटर: कशासाठी धरायचा आणि कशासाठी नाही

मीटर घेतला की बहुतेक जण ओहमवर ठेवून वायर 'चालू' आहे का बघतात. बीप वाजली की वायर पास. जाड केबलच्या बाबतीत ही तपासणी जवळजवळ निरुपयोगी आहे. केबलमधल्या शंभर तारांपैकी दोनच शाबूत असल्या तरी बीप वाजते. समजा तिथे 0.05 ओहमचा अडथळा आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच 0.2 ओहमच्या आसपास असतो, त्यात हा दिसणार कुठून? पण त्याच केबलमधून सेल्फचे 100 अँपिअर जायला लागले की त्या 0.05 ओहमपायी 5 व्होल्ट वाटेतच संपतात. उरलेल्या सात व्होल्टांत सेल्फ कसा फिरणार?

नुसतं व्होल्टेज बघण्यातही अशीच फसगत. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे केसाएवढ्या संपर्कातूनही तो ऐटीत 12.6 दाखवतो.

मीटरचं खरं काम व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहत असताना वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात ते मोजणं. व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे शिशाच्या खांबावरच, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टपर्यंत असेल तर ती बाजू ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष तिथेच आहे. आता एकेक जोड ओलांडत पुढे सरका, खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, लग ते चासी, चासी ते इंजिन. ज्या जोडावर आकडा उडी मारतो तो चोर. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच. इग्निशन स्विच, अँपिअरचा काटा आणि मोठा कपलर यांच्यासाठी हेडलाइट लावून मोजा. 55 वॅटचे दोन दिवे मिळून 9 अँपिअरच्या आसपास घेतात, तेवढा भार पुरतो. अर्थात हेडलाइटचा करंट त्या जागेतून जातो का, हे आधी बघा.

बॉडी आणि इंजिन यांच्यामधली विणलेली पट्टी विसरू नका. इंजिन रबरावर बसलेलं असतं. पट्टी तुटली की करंट परतीची वाट शोधतो आणि ती वाट कधी अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर मीटर बाजूला ठेवा, उत्तर मिळालं.

मीटरचा कमकुवतपणा एकच, पण मोठा. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. पाव सेकंदाचा झटका त्याच्या नजरेतून निसटतो, आणि खडकावर उसळणाऱ्या केबिनमध्ये आकडे वाचणार कोण? मिन-मॅक्स, म्हणजे सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवायची सोय असलेला मीटर थोडी मदत करतो, तरी तो एका वेळी एकाच जागेवर पहारा देतो.

टेस्ट लॅम्प: माझा कौल इथे

5 वॅटचे तीन साधे बल्ब घ्या, तार तापून पेटणारे. एलईडी नको, ती नगण्य करंटवरही पेटते आणि मीटरसारखीच खोटी ग्वाही देते. तिन्ही बल्बांची एकेक वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पच्या बोल्टवर आणा, बॉडीवर नाही. दुसरी टोकं अशी: पहिला बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवर, दुसरा इग्निशन स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर, तिसरा स्विचमधून बाहेर जाणाऱ्या वायरीवर. प्रत्येक वायरीला जिथून करंट घेतला तिथेच 2 अँपिअरचा फ्यूज हवा. हा फ्यूज टाळला तर बिघाड शोधता शोधता गाडी पेटायची. बल्ब चिकटपट्टीने डॅशबोर्डवर ओळीत लावा आणि गाडी त्याच खराब वाटेवर न्या. दिव्यांकडे बघायचं काम शेजारच्या सीटवरच्याचं, चालवणाऱ्याचं नाही.

झटका आला की:

तिसराच विझला, तर इग्निशन स्विच. दुसरा आणि तिसरा विझले, पहिला जळतोय, तर बॅटरीपासून स्विचपर्यंतची वाट: फ्यूज-वायर, मोठा कपलर, अँपिअरचे नट. तिन्ही विझले, तर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधली जागा किंवा बॅटरी आतूनच तुटलेली. आणि तिन्ही व्यवस्थित जळतायत पण गाडी मेलीय, तर अर्थिंग. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण हा दोष सहसा सगळ्यात शेवटी सापडतो आणि इथे तो एका नजरेत कळतो. पेट्रोल गाडीत फक्त इंजिनच मेलं, तर तिसऱ्या दिव्याची वायर कॉइलपर्यंत पुढे सरकवा.

बल्ब आकडा सांगत नाही, जागा सांगतो. जागा कळली की मग मीटर काढून जोडाजोडाने मोजा. संगणक आणि एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र असे बल्ब कुठेही टोचू नका; कार्ब्युरेटर किंवा मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाडीत चालतं.

मग नवं वायरिंग कधी?

वायर वाकवली की वेष्टनाला तडे जात असतील, टोकापासून वीतभर मागे सोललं तरी तांबं हिरवं-काळं निघत असेल, किंवा चिकटपट्टी गुंडाळलेले पिळाचे जोड मोजता मोजता कंटाळा येत असेल, तर टाका. अन्यथा नको. शिवाय नव्या हार्नेसबरोबर (वायरींच्या तयार जुडग्याबरोबर) बॅटरीच्या जाड केबली आणि अर्थिंगच्या पट्ट्या बऱ्याचदा येतच नाहीत. म्हणजे सगळी गाडी उघडून वायरिंग बदलायचं आणि मूळ आजार तसाच.

कुणी काय निवडावं

तुमची गाडी मनात येईल तेव्हा बंद पडत असेल तर बल्ब. सकाळी सेल्फ मरगळलेला, दिवे मंद, म्हणजे दोष सतत थोडाफार हजर असेल तर बल्ब सोडा, सरळ मीटरने व्होल्टेज ड्रॉप. हातात पाना धरायचीच सवय नसेल तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडे जा, पण जाताना 'करंट जातो' एवढंच सांगू नका. काय गेलं, काय राहिलं, धक्क्याने की तापल्यावर, ते लिहून न्या.

दोन गोष्टी कुठल्याही रस्त्यावर. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढा आणि जोडताना तो शेवटी लावा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चालतोय का हे बघायला चालत्या इंजिनवर बॅटरीची केबल काढायची जुनी युक्ती करू नका. व्होल्टेजच्या उसळीने अल्टरनेटरमधले चांगले डायोड जातात. टर्मिनलवर मीटर लावा, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसलं की काम झालं.

दोष सापडून दुरुस्त झाला तरी बल्ब लगेच काढू नका. त्याच दगडावरून एकदा मुद्दाम गाडी उतरवा. तिन्ही दिवे जळत राहिले आणि इंजिनही चालू राहिलं की त्या लोंबत्या वायरी त्याच दिवशी सोडवा, नाहीतर पुढचा शॉर्ट त्यांचाच व्हायचा.