अकरा महिने अलाइनर लावून: आधी काय शोधलं, नंतर काय शोधावं लागलं

अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, घेण्याआधी माझे सर्च ठरलेले होते. किंमत, हप्ते आणि 'तारा न लावता दात सरळ'. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तोंडात तारा घेऊन मीटिंगला बसायचं नव्हतं, एवढाच मुद्दा. एखादा शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर डोकावले, तर अलाइनरची रेघ चढती. वाटलं, सगळेच करतायत की! पण तिथला 100 हा माणसांचा आकडा नसतो. निवडलेल्या काळातला सर्वांत जास्त शोध म्हणजे 100, बाकीचं त्याच्या प्रमाणात. शिवाय शोधणारा प्रत्येकजण थोडाच लावतो? मी स्वतः दीड वर्ष रात्री किंमत बघून झोपत होते.

खरे सर्च सुरू झाले पहिला ट्रे बसवल्यावर. 'अलाइनर घातल्यावर स नीट येत नाही.' (चार दिवसांत सुटलं.) 'दातांवरचे ठिपके कधी काढतात?' दातांच्याच रंगाचे ते छोटे उंचवटे ट्रेला पकड देतात, पण त्यांच्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नव्हतं. दोन दातांमध्ये जागा करायला कडा किंचित घासतात, हेही मला खुर्चीत बसल्यावर कळलं. दुखलं नाही, पण आधी सांगायला काय जात होतं?

सगळ्यात मोठी परीक्षा चहाची. दिवसाचे 22 तास ट्रे तोंडात हवा, म्हणजे जेवण, चहा, ब्रश सगळं मिळून दोन तास. ऑफिसातले चार चहा दोनवर आले. मिसळ खाऊन चूळ न भरता ट्रे घातला, तर तो संध्याकाळपर्यंत पिवळा. एकदा वडापाव खाताना ट्रे टिश्यूत गुंडाळून ठेवला आणि कागदाबरोबर कचऱ्यात टाकला. तेव्हापासून डबी पर्समध्येच.

ट्रेचे 26 संच, दर दहा दिवसांनी नवा. शेवटी वरचा एक दात वळलाच नव्हता. पुन्हा स्कॅन, आणखी 8 संच. पॅकेजमध्ये हे धरलंय का, एवढं मात्र आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून वाचले. गोल सुळे वळायला हट्टी असतात, असं डॉक्टर म्हणाल्या.

दात आता छान दिसतात. खालचा एक अजून जरासा तिरका आहे, मला एकटीलाच दिसतो. घरपोच साचे पाठवणाऱ्या स्वस्त पर्यायाकडे मी वळले नाही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही तशीच कंपनी 2023 च्या डिसेंबरात उपचार अर्धवट असलेले ग्राहक वाऱ्यावर सोडून बंद पडली, ते वाचलं होतं.

सध्या रोज रात्री रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात परत हलू नयेत म्हणून लावायचा ट्रे. किती दिवस, विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "दात आहेत तोवर." हा सर्च मी दीड वर्षात एकदाही केला नव्हता.